ऑक्साइड पटले, चुंबकीय अपद्रव्ययुक्त

टिटॅनियम डाय-ऑक्साइड, झिंक ऑक्साइड यांसारख्या अचुंबकीय ऑक्साइडांत कोबाल्ट, मँगॅनीज इ. मूलद्रव्यांचे अणू अल्प प्रमाणात मिसळून तयार केलेली पातळ पटले. त्यांची जाडी सामान्यतः एका मायक्रोमीटरपेक्षा कमी असते. अर्धसंवाहकता व लोहचुंबकत्व एकाच पदार्थात मिळाल्यास इलेक्ट्रॉनाचा विद्युत् भार व परिवलन या दोहोंचा उपयोग करणारी साधने बनविता येतील, या अपेक्षेने त्यांचा अभ्यास सुरू झाला. २००१ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी ॲनाटेज या टिटॅनियम डाय-ऑक्साइडाच्या स्फटिकी प्रकाराची कोबाल्टयुक्त पटले ४००° के. तापमानासही लोहचुंबकीय असल्याचे जाहीर केले. तथापि निरनिराळ्या प्रयोगशाळांतील निष्कर्ष परस्परांशी जुळेनात. या विसंगतीचे एक प्रमुख कारण पटलांच्या वाढीच्या परिस्थितीत आढळले.

वाढ : या पटलांसाठी स्पंदी लेसर निक्षेपण ही पद्धत पुष्कळदा वापरतात. निर्वात कोठीतील ऑक्साइडाच्या वडीवर जंबुपार लेसरचे स्पंद पाडतात. त्यामुळे उडालेले द्रव्य आयनद्रायूच्या रूपाने समोरील तप्त स्फटिकी आधारपट्टावर साचते. ॲनाटेजाशी जालक-अंतर जवळजवळ जुळत असल्याने लँथॅनम ॲल्युमिनेटाचा आधारपट्ट सोयीस्कर ठरतो.

परिणाम : आधारपट्टाचे तापमान फार कमी असल्यास अणूंना योग्य स्थानी सरकता येत नाही व स्फटिकरचना सदोष राहते. ऑक्सिजनाचा दाब अत्यल्प असल्यास जालकात ऑक्सिजनाची स्थाने रिक्त राहतात. तेथे उरलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे संवाहकता वाढते. परंतु याच परिस्थितीत कोबाल्टाचे क्षपण होऊन त्याचे धातुरूप पुंजके बनू शकतात. धातुरूप कोबाल्ट स्वतःच लोहचुंबकीय असल्यामुळे (क्यूरी तापमान सु. १,३९०° के.) चुंबकत्व जालकातील अणूंचे की पुंजक्यांचे, हे केवळ चुंबकीय मापनावरून ठरत नाही.

२००३ मध्ये मेरिलँड विद्यापीठातील संशोधकांनी (यांत पूर्वी पुणे विद्यापीठात काम केलेले सतीशचंद्र ओगले हेही होते) ७ टक्के कोबाल्ट असलेल्या पटलाचे क्यूरी तापमान १,१८०° के. पेक्षा जास्त असल्याचे दाखविले. त्यात २० ते ५० नॅनोमीटर आकाराचे कोबाल्टाचे पुंजके होते. मापनाच्या वेळी उच्च तापमानास तापल्यावर त्याच पटलातील कोबाल्ट जवळजवळ पूर्णपणे जालकात सामावले आणि क्यूरी तापमान सु. ६५०° के. झाले. म्हणजे रासायनिक संघटन तेच असूनही उष्णतेच्या संस्कारामुळे चुंबकत्वाचे स्वरूप बदलले.

दक्षता : ५ मिमी. चौरस व १०० नॅनोमीटर जाडीच्या अशा पटलाचे वस्तुमान सु. १० मायक्रोग्रॅमच भरते. त्यामुळे लोहाचा सूक्ष्म अंशही मापन दूषित करू शकतो. २००४ मध्ये हाफ्नियम ऑक्साइडाच्या पटलांत चुंबकत्व आढळल्याचे प्रसिद्ध झाले. २००५ मधील तपासणीत स्वच्छ पटलांत ते दिसले नाही. पोलादी चिमट्याने हाताळलेल्या पटलांत मात्र तसाच संकेत मिळाला. म्हणून क्ष-किरण विवर्तन व इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यांनी पुंजक्यांचा शोध घेणे आणि वाढीचे तापमान, दाब व नंतरचे उष्णता-संस्कार नोंदविणे आवश्यक मानतात.

२०११ मध्ये जपानी संशोधकांनी कोबाल्टयुक्त टिटॅनियम डाय-ऑक्साइडात सामान्य तापमानास विद्युत् क्षेत्राने लोहचुंबकत्व निर्माण करून दाखविले. चुंबकत्व वाहक इलेक्ट्रॉनांवर अवलंबून असल्याचा हा महत्त्वाचा पुरावा होय. [⟶ अर्धसंवाहक, लोहचुंबकत्व].