चार टक्क्यांचा हिशोब

जुन्या डीव्हीडी तबकड्यांवरील चित्रपट आणि चित्रणे संगणकात उतरवून घेण्याचे काम आज घरोघर चालले आहे. तबकड्या खराब होत आहेत आणि त्या चालविणारी यंत्रेही कमी होत आहेत. तेव्हा हे काम निकडीचे खरे. परंतु चित्र दिसले, आवाज आला, की काम फत्ते झाले असे पुष्कळांना वाटते. ह्या समजुतीत चित्राच्या वेगाचा हिशोब राहून जातो. आम्ही काही तंत्रज्ञ नव्हे. कामगार संघटनेच्या कपाटात सभांच्या आणि मोर्चांच्या तबकड्या साठल्या होत्या, त्या वाचविण्याच्या गरजेपोटी जे शिकलो ते येथे मांडतो.

पडद्यावर चालते चित्र असे काही नसतेच. स्थिर चित्रांच्या चौकटी, म्हणजे फ्रेम, एकामागून एक झरझर दाखविल्या की डोळ्याला हालचाल भासते. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली आला तेव्हा कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवीत असत. मूकपटांच्या काळात सेकंदाला सोळाच्या आसपास चौकटी घेत. पण हात कमीजास्त चाले, म्हणून वेगही कमीजास्त होई. पुढे फितीवर ध्वनी आला. दांडा सैल पडला तर चित्र थोडे मंदावेल, एवढेच. पण ध्वनीची फीत मंदावली की माणसाचा आवाजच बदलतो. म्हणून 1920 नंतरच्या दशकाच्या अखेरीस सेकंदाला 24 चौकटी हा वेग ठरून गेला. मूकपटाची सोळाच्या वेगाने घेतलेली एक मिनिटाची फीत चोवीसच्या वेगाने दाखविली तर ती चाळीस सेकंदांत संपते. जुन्या चित्रांतली माणसे तुरुतुरु पळताना दिसतात त्याचे एक कारण हे आहे. दोष त्या माणसांच्या चालीत नसून दाखविणाऱ्याच्या हिशोबात आहे.

टेलिव्हिजन आला तेव्हा त्याने चोवीसचा आकडा घेतला नाही. त्याने आपला वेग विजेच्या प्रवाहाशी जुळवून घेतला. युरोपात आणि आपल्याकडे वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, म्हणून चित्रे 25. अमेरिकेत 60 आवर्तनांची, म्हणून चित्रे 30. प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत पडद्यावर येई: आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. ह्या हप्त्यांना आपण अर्धचित्रे म्हणू. अमेरिकेत 1953 साली रंगीत प्रक्षेपणाचे प्रमाण ठरले, तेव्हा तीसचा आकडा किंचित उतरवून 29.97 करावा लागला. डीव्हीडीने ही दोन्ही मापे जशीच्या तशी उचलली. आपल्या चित्रपटांच्या पुष्कळ तबकड्याही अमेरिकी मापाने निघालेल्या आहेत. तेव्हा तबकडी भारतातली म्हणजे माप भारतातले, असे धरून चालू नये.

आता चोवीसचा चित्रपट पंचविसाच्या मापात कसा बसवावयाचा? युरोपी रीत सोपी आहे: चित्रपटच थोडा जोरात पळवावयाचा. वेग चार टक्क्यांहून किंचित अधिक वाढतो. दोन तासांचा चित्रपट 115 मिनिटे 12 सेकंदांत आटोपतो. त्याबरोबर आवाजाची वेगळी दुरुस्ती केली नसेल तर काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनच्या वाटेला लागतो आणि मध्येच कोठेतरी लोंबकळतो. ‘चार टक्क्यांनी काय बिघडते?’ असे कोणी विचारील. गिरणीत साच्यांचा वेग वाढविताना हाच प्रश्न विचारला जाई, आणि काय बिघडते ते साच्यापुढे उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक असे. येथे ते गाणाऱ्याच्या गळ्याला ठाऊक असते. अशा तबकडीवरून प्रत करताना चित्र आणि ध्वनी दोन्ही मिळून पुन्हा चोवीसवर आणावेत. आवाजाची पट्टी आधीच दुरुस्त केलेली असेल तर ध्वनीचा फक्त वेग उतरवावा, पट्टी तशीच राहू द्यावी.

अमेरिकी रीत निराळी आहे. तेथे एका चौकटीची दोन अर्धचित्रे, पुढचीची तीन, पुन्हा दोन, पुन्हा तीन, असे करीत चार चौकटींची दहा अर्धचित्रे, म्हणजे पाच चित्रे बनवितात. ह्या पाचांपैकी तीन निर्मळ असतात. दोहोंत शेजारच्या चौकटींची सरमिसळ होते. अशा वेळी भेसळ काढून मूळ चार चौकटी परत मिळवाव्या लागतात. काही तबकड्यांवर चौकटी मूळच्याच ठेवून, त्या कशा वाढवावयाच्या याची फक्त खूण दिलेली असते. तेथे खूण सोडून द्यावी आणि चौकटी घ्याव्यात. मात्र येथे खरा वेग 23.976 असतो. तो सरसकट 24 धरून चित्र पळविले आणि ध्वनी तसाच ठेवला, तर तासाभरात ओठ आणि शब्द 3.6 सेकंदांनी दुरावतात.

तिसरा प्रकार व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रणाचा. लग्ने, व्याख्याने, मोर्चे बहुधा ह्यांत येतात. येथे प्रत्येक अर्धचित्र वेगळ्या क्षणाचे असते, त्यामुळे सेकंदाला खरोखरच पन्नास क्षण टिपलेले असतात. त्यांची पन्नास पूर्ण चित्रे करावीत. एका दुकानाने आमच्या मोर्चाच्या तबकडीची प्रत सेकंदाला तीस चित्रांची करून दिली. दर पाच चित्रांमागे एक चित्र दोनदा आले, चालणारी रांग अडखळू लागली, आणि उंचावलेल्या मुठींना फणीसारखे दाते फुटले. मूळ तबकडी फेकून दिली नव्हती म्हणून निभावले.

प्रकार ओळखावा कसा? हालचालीच्या जागी चित्र थांबवून एकेक चौकट पुढे सरकवावी. तीन स्वच्छ आणि दोन दातेरी असा क्रम पुन्हा पुन्हा आला तर तो अमेरिकी मापातला चित्रपट. सर्वच दातेरी असतील तर कॅमेऱ्याचे चित्रण. तबकडी पंचविसाची असून एकही दातेरी नसेल तर बहुधा पळविलेला चित्रपट. दुसरी साक्ष सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची. चित्रपटाच्या आरंभी दिसणाऱ्या त्या कागदावर फितीची लांबी असते. 35 मिलिमीटरची फीत चोवीसच्या वेगाने मिनिटाला 90 फूट, म्हणजे सुमारे 27.43 मीटर धावते. लांबी 10,800 फूट असेल तर चित्रपट 120 मिनिटांचा. तबकडीवर तो 115 मिनिटांचा भरला, तर एक तर तो पळविला आहे, नाही तर त्याला कात्री लागली आहे. आवाजाची पट्टी आणि चौकटी पाहून निवाडा करावा.

प्रत करण्याच्या यंत्रणेत वेगाचा आकडा आपल्या मनाने कधीच भरू नये. आधी तबकडीची जशीच्या तशी प्रत काढून ठेवावी, मग प्रकार ओळखावा, मग बदल करावा. आणि मूळ तबकडी मोडीत काढू नये. पडद्यावरचा वक्ता हयात नसेल तर बोलता बोलता तो कोठे थांबला, किती थांबला, ह्याची साक्ष आता त्या चौकटीच देणार. त्याने घेतलेला वेळ त्याचा आहे. त्यातले चार टक्के कापून घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.