आधी परतीची वाट

काम सुरू करण्याआधी ते काम आपोआप पुसलं जाईल अशी तजवीज करून ठेवायची, ही रीत एका नेटवर्कवाल्याच्या बोलण्यात आली आणि मला ती चमत्कारिक वाटली. इतका अविश्वास, तोही स्वतःच्याच हातांवर? बघावं म्हणून शनिवारी रात्री पुण्यातल्या एका कार्यालयात गेलो. पूर्वी तिथे झेरॉक्सची खोली होती. आता रॅक आहे, पण टोनरचा वास गेलेला नाही.

काम करणारे गृहस्थ मूळचे सोलापूरकडचे. वॉचमनपासून मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना दादा म्हणतात. हाताखाली एक शिकाऊ पोरगा. इमारतीत पाच स्विच: तळमजल्यावर मुख्य आणि वरच्या चार मजल्यांवर एकेक. नळीत जागा उरली नव्हती म्हणून चौथ्या मजल्याची तार खाली न आणता तिसऱ्याच्या स्विचला जोडलेली. दादांनी हे सगळं आधी कागदावर काढलं होतं आणि तो कागद रात्रभर त्यांच्या मांडीवर होता.

एकाच तारेवरून अनेक वेगळी नेटवर्क चालवायची सोय म्हणजे व्हीलॅन. 802.1क्यू हे त्याचं मानक 1998 सालचं. त्यात प्रत्येक फ्रेमला, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या माहितीच्या पुडक्याला, 12 बिटांचा क्रमांक चिकटवतात. असे 4096 क्रमांक होतात, त्यांतले पहिला आणि शेवटचा राखीव, म्हणजे वापरायला 4094. एवढे क्रमांक हाताशी असून बहुतेक कार्यालयांचा सगळा संसार व्हीलॅन 1 मध्येच, कारण स्विच खोक्यातून तसाच येतो. इथेही प्रिंटर, कॅमेरे, पाहुण्यांचे लॅपटॉप आणि खुद्द स्विचचं लॉगिन सगळं त्या एकातच. म्हणजे मीटिंगला आलेला कोणीही स्विचच्या दारापर्यंत पोचू शकत होता. आज ते लॉगिन व्हीलॅन 90 मध्ये हलवायचं होतं.

अडचण एवढीच की ज्या वाटेने स्विचपर्यंत जायचं, तीच वाट बदलायची. विहिरीत उतरलेल्याने लोंबकळत असतानाच आपला दोर बदलावा, तसं. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी सगळ्या कन्फिगरेशनच्या प्रती काढल्या. मग पाचही स्विचवर 90 नुसता निर्माण केला. त्याने कुणाचं काही बिघडत नाही. मग मजल्यांना जोडणाऱ्या ट्रंक तारांवर त्याला परवानगी. ती दोन्ही टोकांना द्यावी लागते. मुख्य स्विचवर गेटवेचा पत्ता. त्यानंतरच एकेका स्विचचं स्थलांतर, आणि तेही सर्वांत लांबच्यापासून: चौथा, तिसरा, दुसरा, पहिला. मुख्य स्विचचा जुना पत्ता सर्वांत शेवटी काढायचा.

ट्रंकच्या आज्ञेत ‘ॲड’ हा शब्द असतो. तो लिहिला तर 90 यादीत वाढतो. विसरला तर सिस्कोच्या स्विचवर जुनी यादी जाते आणि तारेवरून फक्त 90 जातो; त्या मजल्याचे संगणक, फोन सगळे एका क्षणात बंद. तीन अक्षरांच्या शब्दावर अख्खा मजला टांगून ठेवणाऱ्या कंपनीला मी मनात बरंच काही म्हटलं. दादा मात्र म्हणाले, “आज्ञेला काय बोलायचं? वाचून एंटर मारायचा.”

आता ती चमत्कारिक रीत. स्थलांतराआधी दादा स्विचला सांगतात: ‘रीलोड इन 10’. दहा मिनिटांनी स्वतःहून बंद होऊन पुन्हा चालू हो. नवे बदल सेव्ह केलेले नसतात, त्यामुळे स्विच उठतो तो जुन्या कन्फिगरेशनवर. आपण बाहेर फेकले गेलो तरी दहा मिनिटांनी दार पूर्ववत. जुनिपर या दुसऱ्या कंपनीच्या यंत्रणेत यासाठी ‘कमिट कन्फर्म्ड’ आहे. तिथेही वेगळं सांगितलं नाही तर दहाच मिनिटं, आणि स्विच बंदही करावा लागत नाही.

चौथा, तिसरा सुरळीत गेले. दुसऱ्या मजल्याचा स्विच जुना. त्याला मॅनेजमेंटचा एकच पत्ता ठेवता येतो, म्हणजे नवा चालू होताच जुना बंद. एंटर मारला. स्विच उत्तर देतोय हे दाखवणाऱ्या पिंगच्या ओळी थांबल्या आणि परत आल्याच नाहीत. पोरगा स्विचला थेट जोडायची कन्सोलची निळी केबल घेऊन जिन्याकडे निघाला. “अरे बस,” दादा म्हणाले, “दहा मिनिटं आहेत.” त्यांनी वरच्या स्विचचा नाद सोडला आणि आपल्याच बाजूची ट्रंक तपासली. दुसऱ्या मजल्याकडे जाणाऱ्या पोर्टवर 90 नव्हताच. परवानगी एकाच टोकाला दिली गेली होती. ‘ॲड’सकट ओळ लिहिली, पिंग सुरू झालं. तरी त्यांनी रीलोड लगेच रद्द केला नाही. नव्या पत्त्याने आत शिरले, गेटवे तपासला, मग ‘रीलोड कॅन्सल’, आणि सर्वांत शेवटी सेव्ह. मला आठवतं ते त्यांचं ‘बस’ म्हणणं. दहा मिनिटं राखून ठेवलेला माणूसच तसं म्हणू शकतो.

दुरूनची वाट मोठ्यांचीही बंद होते. 4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सहा तासांहून अधिक काळ बंद होते. कंपनीच्या स्पष्टीकरणानुसार, देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने तिच्या डेटा सेंटर्सना जोडणारं जाळंच तुटलं. अशा आज्ञा अडवणाऱ्या तपासणी प्रणालीतही दोष होता. दुरून आत जायच्या वाटा बंद झाल्यामुळे अभियंत्यांना प्रत्यक्ष तिथे जावं लागलं. केवढी मोठी कंपनी, पण शेवटी कुणीतरी उठून यंत्रापाशी जायचंच. म्हणून दादा निळी केबल काढून ठेवतात आणि प्रत्येक मजल्याच्या खोलीची किल्ली आधी मागून घेतात. सगळं दुरूनच होईल असं सांगणाऱ्यांपेक्षा मला किल्ली मागणारा माणूस भरवशाचा वाटतो.

“पाच ओळींच्या कामाला अर्धी रात्र?” असं मॅनेजरने फोनवर विचारलं. ओळी पाचच, हे खरं. पण अर्धी रात्र गेली ती त्या ओळी फसल्या तर काय, या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवण्यात, आणि बिलात त्याला रकाना नाही. बदलाच्या परवानगीच्या अर्जात मात्र ‘परतीचा मार्ग’ असा एक रकाना असतो. बहुतेक जण तो शेवटी, सहीपुरता भरतात. दादा तो पहिल्यांदा भरतात. तो रकाना कोरा असलेल्या अर्जावर कुठल्याच मॅनेजरने सही करू नये, काम कितीही घाईचं असो.