मुलीची शाळा निवडताना : कोलकात्यातील कॉन्व्हेंट शाळा

बदली हा बँकेच्या नोकरीचा अटळ भाग आहे. मुंबई, पुणे वा नागपूर सोडून कोलकात्यास रुजू व्हावयाचे ठरले की घर मिळते, सामानही पोहोचते. खरी चिंता उरते ती मुलीच्या शाळेची. अशा वेळी बहुतेक पालकांच्या मनात प्रथम येते ती मुलींची कॉन्व्हेंट शाळा. शिस्त, उत्तम इंग्रजी आणि सुरक्षित वातावरण या त्यामागील अपेक्षा रास्तच आहेत. तथापि, केवळ नावावरून घेतलेल्या निर्णयाचा भार पुढे मुलीलाच वाहावा लागतो. म्हणून काही बाबी आधीच समजून घेणे हिताचे ठरेल.

नावामागील वास्तव

मिशनरी शाळा म्हणजे कॅथलिक शाळा, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः कोलकात्यातील ला मार्टिनिएर किंवा प्रॅट मेमोरियल या नामवंत शाळा कॅथलिक नाहीत. कॅथलिक धर्मभगिनींच्या संघांनी चालविलेल्या शाळांत लोरेटो, ऑक्झिलियम, कार्मेल ही नावे ठळकपणे येतात. त्यांपैकी लोरेटो संघाच्या भगिनी 1841 च्या अखेरीस आयर्लंडहून येथे आल्या आणि 1842 मध्ये त्यांनी लोरेटो हाउस ही शाळा सुरू केली. आज मिडलटन रो, एंटाली, सियालदा, बोबाजार, धरमतल्ला आणि एलियट रोड अशा सहा ठिकाणी या संघाच्या शाळा आहेत. संघ एकच असला, तरी प्रत्येक शाळेची घडण निराळी आहे.

एंटाली येथील सेंट मेरीज शाळेत मदर तेरेसा 1931 पासून शिकवीत होत्या आणि 1944 मध्ये त्या तेथील मुख्याध्यापिका झाल्या. शाळेच्या आवाराला लागूनच मोतीझील ही झोपडपट्टी होती. 1948 मध्ये त्यांनी कॉन्व्हेंट सोडले, तेव्हा त्यांच्या कार्याचा आरंभ याच वस्तीत झाला.

सियालदा येथील शाळेने मात्र भिंतीच्या आत राहूनच दारे उघडली. 1979 मध्ये मुख्याध्यापिका झालेल्या सिस्टर सिरिल यांनी शुल्क देऊ न शकणाऱ्या मुलींची संख्या वाढवीत नेली. पुढे एकूण विद्यार्थिनींपैकी सुमारे निम्म्या अशा मुली होत्या. 1985 मध्ये त्यांनी ‘रेनबो’ उपक्रम सुरू केला. रस्त्यावर राहणाऱ्या मुली शाळेत येऊ लागल्या आणि त्यांना शिकविण्याचे काम शाळेतील विद्यार्थिनीच करू लागल्या. या कार्यासाठी सिस्टर सिरिल यांना 2007 मध्ये पद्मश्री मिळाली. 2023 मध्ये त्यांचे निधन झाले. आपली मुलगी वर्गात कोणाच्या शेजारी बसेल, हा प्रश्न निकालाच्या टक्केवारीइतकाच महत्त्वाचा आहे, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

मंडळ आणि इयत्ता

कोलकात्यातील कॅथलिक शाळांपैकी काही दिल्लीच्या आयसीएसई परिषदेशी, तर काही पश्चिम बंगाल माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न आहेत. अर्ज करण्यापूर्वी याची खातरजमा करावी. बंगाल मंडळाचे वर्ष जानेवारीत सुरू होते, आयसीएसई शाळांचे साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये, तर महाराष्ट्र मंडळाच्या शाळा परंपरेने जूनमध्ये उघडतात. त्यामुळे बदलीचा आदेश मे महिन्यात हाती पडला, तर नव्या शाळेचे वर्ष सुरू होऊन गेलेले असते.

इयत्तेचा प्रश्न याहून नाजूक आहे. दहावीच्या परीक्षेसाठी मंडळाकडे नोंदणी नववीतच होते. त्यामुळे दहावीत नवा प्रवेश मिळणे अतिशय कठीण असते आणि त्यासाठी मंडळाची अनुमती लागते. मुलगी आठवीपर्यंत असेल, तर स्थलांतर सोपे. नववी पूर्ण झाली असेल, तर दहावी होईपर्यंत आई व मुलीने मूळ गावीच राहण्याचा पर्यायही मोकळ्या मनाने विचारात घ्यावा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी निघण्यापूर्वीच घेतल्यास पुढील धावपळ टळते.

धर्म आणि भाषा

कॉन्व्हेंटमध्ये धार्मिक शिक्षणाची सक्ती होईल काय, अशी शंका अनेक पालकांना असते. राज्यघटनेच्या 28(3) कलमानुसार मान्यताप्राप्त शाळेत पाल्याला, पालकांच्या संमतीविना, धार्मिक शिक्षणास वा उपासनेस उपस्थित राहण्याची सक्ती करता येत नाही. प्रत्यक्षात कॅथलिक मुलींसाठी धर्मशिक्षण व इतरांसाठी नीतिशिक्षण अशी विभागणी सर्रास आढळते. कलम 30 अन्वये अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालविण्याचा अधिकार असल्याने प्रवेशात कॅथलिक मुलींना प्राधान्य दिले जाते, हेही लक्षात असू द्यावे.

द्वितीय भाषा म्हणून बहुधा बंगाली किंवा हिंदी घ्यावी लागते. तेथे काही वर्षे राहावयाचे असल्यास लहान मुलीने बंगाली शिकणे हा लाभच आहे. मोठ्या मुलीस हिंदी सोयीची. मराठीचे वाचन-लेखन मात्र घरीच जपावे लागेल.

खर्चाचे नियोजन

प्रवेशशुल्काखेरीज गणवेश, पुस्तके आणि वाहतूक यांचा खर्च विचारात घ्यावा. पूल कार किंवा बसने रोज दीड-दोन तास जाणार असतील, तर घराजवळची साधी शाळा अधिक श्रेयस्कर. वार्षिक शुल्कासाठी आवर्ती ठेव उपयुक्त ठरते. सुकन्या समृद्धी खात्यावर मात्र शालेय शुल्कासाठी विसंबू नये. त्यातून शिक्षणासाठी रक्कम काढता येते, ती मुलगी दहावी उत्तीर्ण झाल्यावर किंवा 18 वर्षांची झाल्यावरच. हे खाते नव्या गावी वर्ग करून घेता येते. जुन्या करप्रणालीत दोन अपत्यांच्या शिक्षणशुल्कावर विहित मर्यादेत वजावट मिळते. देणगी किंवा विकासनिधी तीत धरला जात नाही.

अखेरीस, एक दिवस शाळा सुटण्याच्या वेळी मुलीला घेऊन प्रवेशद्वाराशी उभे राहावे. बाहेर पडणाऱ्या मुली कशा बोलतात, हसतात, हे तिला पाहू द्यावे आणि मग तिचे मत विचारावे. बदली आपली असते. मैत्रिणी, भाषा आणि वर्ग सुटतात ते मात्र तिचे. निवडीत तिचाही शब्द असला, तर नवे शहर तिला लवकर आपलेसे वाटेल.