या खिडकीत दिसतं, त्या खिडकीत का नाही?

"बाई, साइट मेली!"

मुलांनो, आमच्या शाळेत कुठलीही वस्तू बिघडली की ती थेट मरतेच. नळ मरतो, पंखा मरतो, एकदा तर शाळेची घंटासुद्धा मेली होती. त्यामुळे एरवी अशा बातमीने मी जागची हलत नाही. पण फेब्रुवारीतल्या त्या सोमवारी मधल्या सुट्टीत सातवीतला एक जण ही बातमी घेऊन आला, तेव्हा मी डबा अर्धवट ठेवून उठले. मेलेली साइट साधीसुधी नव्हती.

आमची शाळा बीड जिल्ह्यातली. दिवाळीच्या सुमाराला आमच्या गावातल्या कितीतरी घरांना कुलपं लागतात. आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी पार कर्नाटकात. काही मुलं त्यांच्याबरोबर जातात, काही आजीजवळ राहतात. आमच्याकडे वर्ग सातवीपर्यंतच. त्या वर्षी एका निवासी शाळेत आठवीच्या प्रवेशाचे अर्ज निघाले होते. राहणं, जेवण, पुस्तकं सगळं तिथेच. अर्ज ऑनलाइन, आणि तो पालकांनीच भरायचा, कारण ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर येणार. शेवटची तारीख बुधवार.

आदल्या रात्री सातवीतल्या एका मुलीच्या वडिलांचा फोन आला होता. "पान पांढरं पडायलंय बाई. साइटच बंद दिसते. जाऊ द्या, पुढल्या साली बघू."

आता सातवी झालेल्या मुलीचं 'पुढल्या साली' म्हणजे काय असतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. म्हणून सोमवारी मी सातवीच्या मुलांना शाळेच्या संगणकावर तोच अर्ज उघडून बघायला सांगितलं होतं. नाव भरलं, जन्मतारीख भरली, 'जिल्हा' या चौकटीत बीड निवडलं, आणि खरंच, अख्खं पान पांढरंफटक! ना अक्षर, ना बटण.

आमच्या संगणकावर दोन ब्राउझर आहेत, क्रोम आणि फायरफॉक्स. पान पांढरं पडलं होतं क्रोममध्ये. मी तीच साइट फायरफॉक्समध्ये उघडायला सांगितली. नाव, तारीख, जिल्हा... आणि खाली तालुक्यांची यादी टपकन उघडली! गेवराई, आष्टी, पाटोदा, सगळे हजर.

"म्हणजे साइट जिवंत आहे!" एक जण ओरडला.

बरोबर. एक उलगडा तर झाला. पण मग एकाच संगणकावर, एकाच तारेतून आलेलं पान एका ब्राउझरमध्ये धड आणि दुसऱ्यात पांढरं, हे कसं?

त्याचं असं आहे. वेबसाइटचं पान वर्तमानपत्राच्या पानासारखं छापून येत नाही. येते ती फक्त कृती. मजकूर काय, हे एचटीएमएल सांगतं. तो कसा दिसावा, कुठला रंग, कुठे किती जागा सोडायची, हे सीएसएस सांगतं. आणि बटण दाबलं की काय घडावं, हे जावास्क्रिप्ट सांगते. ही कृती वाचून प्रत्यक्ष पदार्थ रांधतो तो ब्राउझर. पुरणपोळीची एकच कृती आई आणि मावशी दोघींना दिली, तरी दोन घरच्या पोळ्या कधी तंतोतंत सारख्या होतात का? क्रोमच्या आतलं स्वयंपाक करणारं यंत्र ब्लिंक नावाचं, फायरफॉक्सचं गेको, तर आयफोनवरच्या सफारीचं वेबकिट. बहुतेक पदार्थ तिघांचे सारखेच जमतात. एखादा मात्र एकाकडे फसतो.

याचा मराठी माणसाला तर चांगलाच अनुभव आहे. तुमच्या आईबाबांना विचारा. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मराठीतल्या कितीतरी साइट एका ब्राउझरमध्ये मराठी दिसायच्या आणि दुसऱ्यात नुसता इंग्रजी अक्षरांचा गोंधळ! तेव्हा जो तो आपापला फाँट वापरी. संगणकाच्या पोटात अक्षरं इंग्रजीच असत, फाँट फक्त त्यांना मराठी मुखवटा चढवी. कृतिदेव नावाच्या फाँटमध्ये 'भारत' लिहिलं, तर आत प्रत्यक्षात एच, के, के, जे, आर अशी पाच अक्षरं असतात. काही साइट पानाबरोबर फाँटही पाठवत. १९९७ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून इंटरनेट एक्स्प्लोररला असा एका ठरावीक प्रकारचा फाँट घेता येई, फायरफॉक्सला तो प्रकार कधीच चालला नाही. मग मुखवटा गळून पडायचा. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. तो सगळीकडे रुळला तेव्हा कुठे ही कटकट थांबली.

पण आमचा अर्ज काही त्या काळातला नव्हता. तेव्हा तपासाला लागलो.

खरं म्हणजे अर्ज फायरफॉक्समध्ये उघडत होता, तिथेच विषय मिटवता आला असता. पण अर्ज भरणार होते पालक, उसाच्या फडाजवळ बसून, आपापल्या मोबाइलवरच्या क्रोममध्ये. त्यांना दुसरा ब्राउझर उतरवून घ्या म्हणावं, तर रेंजची मारामार. क्रोममध्ये काय अडतंय तेच शोधायला हवं होतं.

सातवीतल्या पोरांचा उत्साह दांडगा. एकाचं म्हणणं, संगणक बंद करून चालू करू. दुसरा म्हणे, सगळं पुसून टाकू. तिसरा तर क्रोमच काढून परत बसवायला निघाला होता. मी सगळ्यांचे हात बाजूला केले आणि फळ्यावर लिहिलं, 'एका वेळी एकच बदल.' चार गोष्टी एकदम बदलल्या आणि साइट चालू झाली, तर कशाने झाली हे कळणार कसं? मग फडावर बसलेल्या माणसाला फोनवरून सांगायचं काय?

ही शिस्त किती कामाची आहे, त्याची एक खरी गोष्ट मी मुलांना तिथेच सांगितली. नॉर्वे देशात ऑपेरा नावाचा ब्राउझर बनवणारी कंपनी आहे. २००३ साली त्यांच्या लक्षात आलं, की मायक्रोसॉफ्टची एमएसएन ही साइट ऑपेरामध्ये वेडीवाकडी दिसते. ओळी डावीकडे सरकतात आणि त्यांची सुरुवातच कापली जाते. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा ब्राउझर होता इंटरनेट एक्स्प्लोरर, त्यात मात्र सगळं झकास. ऑपेराच्या कंपनीत होकॉन वियुम ली नावाचे गृहस्थ होते. सीएसएसची कल्पना १९९४ साली मांडणारे हेच. त्यांनी तपास हाती घेतला.

ब्राउझर साइटकडे पान मागतो, तेव्हा आपलं नावही सांगतो, 'मी अमुक ब्राउझर, मला पान द्या.' ली यांनी वेगवेगळी नावं सांगून तेच पान मागवलं आणि आलेल्या फाइली शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. ऑपेरा हे नाव सांगितलं की वेगळीच सीएसएस फाइल येत होती! त्या फाइलमध्ये यादीसाठी डावीकडची जागा उणे ३० पिक्सेल लिहिलेली. उणे म्हणजे काय, तर ओळी डावीकडे तेवढ्या बाहेर ढकला! मग त्यांनी गंमत केली. 'ऑपेरा' या नावातली इंग्रजी अक्षरं थोडी बदलून 'ओप्रा' केलं. अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या प्रसिद्ध बाई आहेत ना ओप्रा, त्यांचं नाव! आणि काय आश्चर्य, चांगली फाइल आली. ब्राउझर तोच, संगणक तोच, साइट तीच. बदललं फक्त नाव. त्यामुळे दोष कुठे आहे याबद्दल शंकाच उरली नाही.

ऑपेरावाल्यांनी याचं उत्तरही मजेदार दिलं. त्याच फेब्रुवारीत त्यांनी ऑपेराची एक खास आवृत्ती काढली. ती बाकी सगळ्या साइट नीट दाखवायची. एमएसएनवर गेलं, की सगळा मजकूर 'बोर्क बोर्क' करत बडबडणाऱ्या स्वीडिश आचाऱ्याच्या भाषेत! 'मपेट शो' या बाहुल्यांच्या कार्यक्रमातला हा आचारी. आमची पोरं पुढे दोन दिवस एकमेकांशी बोर्क बोर्कच करत होती.

असो. आता आमचा तपास. पहिली परीक्षा, क्रोममध्ये बाकीच्या साइट उघडतात का? उघडल्या. म्हणजे नेट ठीक. दुसरी, पान ताजं मागवून बघायचं. ब्राउझर पुन्हा पुन्हा लागणाऱ्या फाइली स्वतःजवळ साठवून ठेवतो, म्हणजे दर वेळी मागवायला नकोत. त्याला कॅशे म्हणतात. कधीकधी साइट नवी होते आणि ब्राउझर मात्र कालचीच शिळी फाइल वाढतो. कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकदम दाबलं, की तो शिळं बाजूला ठेवून ताजं आणतो. दाबलं. जिल्हा निवडला. पुन्हा पांढरं.

तिसरी परीक्षा मला सगळ्यात आवडते. ब्राउझरची खासगी खिडकी उघडायची. तिच्यात आधीचं साठवलेलं काही वापरलं जात नाही, आणि क्रोमला वरून जोडलेली एक्स्टेन्शन नावाची जोडकामंही आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय तिथे चालत नाहीत. म्हणजे जवळजवळ कोरा ब्राउझर. त्या खिडकीत बीड निवडलं आणि तालुके उघडले!

वर्गात टाळ्या. पण चोर अजून सापडला नव्हता. एवढंच कळलं होतं, की तो आमच्याच घरात आहे. आमच्या क्रोममध्ये काहीतरी साठवलेलं, जोडलेलं किंवा बदललेलं. एक जोडकाम होतं, ते बंद केलं. पांढरं. ते पुन्हा चालू करून ठेवलं (हे पुन्हा चालू करणं मोठी माणसंही विसरतात). त्या साइटचं साठवलेलं सगळं पुसलं. पांढरं. आता मात्र माझंही डोकं चालेना.

तेवढ्यात चौथीतला एक पोरगा, जो खरं तर खडूचा डबा न्यायला आला होता, दोन्ही खिडक्यांकडे बघत म्हणाला, "बाई, त्या खिडकीत इंग्रजी आहे. ह्या खिडकीत मराठी का हो?"

मी बघतच राहिले. खासगी खिडकीत 'लास्ट नेम' होतं. साध्या खिडकीत 'शेवटचे नाव'. आडनाव नव्हे हं, शेवटचे नाव! मला दोन्ही वाचता येतात, म्हणून इतका वेळ फरक दिसलाच नाही. त्याला इंग्रजी जेमतेम येतं, म्हणून त्याला दिसला.

अर्ज होता मुळात इंग्रजीत. क्रोम तो आपोआप मराठी करत होता. पत्त्याच्या पट्टीतल्या भाषांतराच्या खुणेवर जाऊन मूळ इंग्रजी केलं, 'नेहमी भाषांतर करा' हेही काढलं, पान पुन्हा उघडलं. बीड निवडलं. तालुके आले. खात्रीसाठी भाषांतर परत चालू केलं. पांढरं. बंद केलं. तालुके. सापडला!

भाषांतराने पान कसं मरेल, असं तुम्ही विचाराल. समजा, मी वर्गात सगळ्यांना बाकांवर बसवून माझ्या वहीत नोंद केली. मधल्या सुट्टीत कुणीतरी येऊन मुलांच्या जागा बदलल्या. मी वहीत बघून म्हटलं, "तिसऱ्या बाकावरच्या दुसऱ्याने उठावं." उठायचं कुणी? हल्लीच्या पुष्कळ साइटवरची जावास्क्रिप्ट अशीच वही ठेवते, कुठल्या जागी मजकुराचा कुठला तुकडा. रिअॅक्ट नावाच्या साधनाने बनवलेल्या साइटवर तर हा त्रास प्रसिद्धच आहे. क्रोमचा भाषांतरकार मूळ तुकडे काढून त्यांच्या जागी आपले ठेवतो. आपण जिल्हा निवडला, की जावास्क्रिप्ट एखादा जुना तुकडा काढायला जाते, तर तो जागेवर नसतो! ती गोंधळते, थांबते, आणि पान पांढरं. साइट बनवणाऱ्याला 'या पानाचं भाषांतर करू नका' अशी खूण पानात घालता येते. इथे कुणी घातली नव्हती. तसं त्यांना कळवलं, पण बुधवारपर्यंत उत्तर येईल असं मला वाटलं नाही, आणि आलंही नाही.

आता माझी चूक सांगते. आपोआप भाषांतर सुरू केलं होतं मीच. शाळेच्या संगणकावर तर केलंच, पण दिवाळीआधीच्या पालकसभेत हौसेने एकेकाचा मोबाइल हातात घेऊन त्यांच्या क्रोममध्येही करून दिलं होतं. इंग्रजी पान त्यांना वाचता यावं म्हणून!

दुपारी तीनपासून फोन सुरू केले. दोघांना लगेच समजलं. एकीच्या मोबाइलवर भाषांतर नव्हतंच, तिचा अर्ज कधीच भरून झाला होता. त्या वडिलांचा फोन मात्र लागेना. दिवसभर ते फडात, मोबाइल कोपीवर बंद. रात्री नऊला लागला.

"दादा, साइट बंद नाही. ते पान आधी पुन्हा उघडा. खाली भाषेची पट्टी दिसते का? तिच्यात इंग्रजीवर बोट ठेवा."

"मंग वाचायचं कसं बाई?"

"मी सांगते ना एकेक. चौथी चौकट जिल्ह्याची."

बराच वेळ नुसता वारा ऐकू येत होता.

"आलं, बीड आलं... बाई, खाली तालुकेबी आले!"

एकेक चौकट करत पाऊण तास गेला. शेवटी ओटीपी आला, आणि ते मोठ्याने आकडे वाचायला लागले.

"दादा, मला सांगू नका! ओटीपी कुणालाच सांगायचा नसतो. तिथेच टाका."

"बरं बाई."

पुन्हा वारा. मग मागून तिच्या आईचा आवाज आला, "हिरवी खूण आली का हो?"

"आली."