संकेतस्थळ कसे तयार होते?

दुकानाची वेबसाइट, म्हणजेच संकेतस्थळ हवे असले, की दुकानदार स्वतंत्रपणे काम करणाऱ्या डिझायनरकडे जातो. चांगला डिझायनर लगेच संगणकापुढे बसत नाही. तो आधी विचारतो, 'हे कोण वाचणार? कोणत्या भाषेत?' उर्दू मजकूर असेल, तर पानाची मांडणी उजवीकडून डावीकडे करावी लागते. नस्तालीक अक्षरांसाठी दोन ओळींत जास्त अंतर सोडावे लागते. हे उशिरा कळले, तर झालेले काम मोडावे लागते!

मग तो काम, मुदत, मोबदला आणि किती वेळा बदल करून मिळतील, हे लिहून देतो. थोडी रक्कम आगाऊ घेऊन कच्चा आराखडा दाखवतो. तो पसंत पडला, की खरे काम सुरू होते. संकेतस्थळाचे नाव मात्र दुकानदाराच्याच नावावर नोंदवावे. ते डिझायनरच्या नावावर राहिले, तर दुकानदाराला पुढे दुसऱ्याकडे जाणे कठीण होते.