नवी गाडी, घाटाची वाट आणि पहिले हजार किलोमीटर

महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर, कुणी चुलीपाशी, कुणी गोठ्यात, कुणी पडवीत नाचणी पाखडत आमचं बोलणं ऐकत असाल. गटांच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "ताई, तुमच्या गटानं मोठी गाडी घेतली म्हणे. आम्हीही घेऊ म्हणतो. पण नवी गाडी सांभाळायची कशी?" आज त्याचंच उत्तर देणार आहोत. आम्ही काय चुकलो तेही सांगणार आहोत, म्हणजे तुमचं चुकणार नाही.

आमच्यातली एक पशुसखी आहे. शेळ्या-कोंबड्यांच्या लसीकरणासाठी तिला डोंगरातल्या वाड्यांवर जावं लागतं. एसटी खालच्या फाट्यापर्यंत येते. तिथून वर पायी, खांद्यावर लसीचा डबा. उन्हात डब्यातला बर्फ वितळला की लस वाया जाते. म्हणून गाडीचा विचार झाला. स्कूटर आधी पाहिली. डांबरी रस्त्याला स्कूटर उत्तमच. पण तिची चाकं लहान आणि पोट खाली, त्यामुळे आमच्या कच्च्या वाटेवर ती दगडाला घासते. शेवटी ज्यांना अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकल म्हणतात, त्यातली एक घेतली.

हा प्रकार मूळचा आपला नाही. 1978 साली डिसेंबरात पॅरिसहून आफ्रिकेतल्या डाकारपर्यंत वाळवंटातून शर्यत सुरू झाली. 1980 साली बीएमडब्ल्यू कंपनीनं रस्त्यावरही चालेल आणि मातीतही चालेल अशी गाडी काढली. तिथून ही जात वाढली. आपल्याकडे 2016 साली रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, 2019 साली हिरोची एक्सपल्स 200 आली. केटीएमची अ‍ॅडव्हेंचर तर आपल्या पुण्याजवळच्या चाकणला तयार होते. हिमालयन आणि एक्सपल्स दोन्हींचं पुढचं चाक 21 इंची आहे आणि पोट जमिनीपासून सुमारे 220 मिलिमीटर वर, म्हणजे जवळजवळ एक वीत. दगडधोंड्यात हीच वीत कामाला येते. मात्र बैठक उंच असते आणि वजन दीडशे किलोच्या पुढे. तुमच्या वाडीपर्यंत चांगलं डांबर असेल, तर उगाच मोठ्या गाडीच्या मागे लागू नका.

आमची चूक

गाडी आली, हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. दुसऱ्याच दिवशी आमच्या पशुसखीनं मागे एकीला बसवलं, पंचवीस किलोचं पशुखाद्याचं पोतं बांधलं आणि निघाली वरच्या वाडीला. चढावर, खडीच्या वळणावर गाडी बंद पडली. पाय टेकायला गेली तर जमीन पुरली नाही. गाडी आडवी झाली आणि तिचा पाय खाली सापडला. पंधरा दिवस ती घरी बसली, लसीकरण राहिलं. मागे बसलेलीच्या साडीचा पदर चेनपासून चार बोटांवर होता, कारण गाडीला साडीगार्ड बसवलेलंच नव्हतं. आणखी चार बोटं पदर आत गेला असता तर काय झालं असतं, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

नंतर एका जाणत्या मेस्त्रीला गाडी दाखवली. टायरात हवा गरजेपेक्षा बरीच जास्त होती, मागची स्प्रिंग कडक होती, क्लचची दांडी हाताला लांब पडत होती. गाडी चांगली होती, ती चालवणारीच्या मापाची करून घेतलेली नव्हती. नवा ब्लाउज आपण फिटिंग न बघता घेत नाही, गाडी मात्र तशीच घेऊन आलो.

शोरूममधून निघण्याआधी

पहिली गोष्ट कागदांची. गाडीवर कोरलेला चासी नंबर आणि इंजिन नंबर बिलावरच्या नंबरशी अक्षरन् अक्षर जुळवून बघा. विमा नीट वाचून घ्या. नव्या दुचाकीला दुसऱ्याच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा असतो. पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी तो विसरला, आणि पुरात गाडी बुडाली, तर हाती काही येत नाही.

त्याहून मोठी गोष्ट ऐका. विम्यात मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा असतो. तो ज्याच्या नावावर गाडी आहे त्यालाच मिळतो, आणि त्याच्याकडे चालू लायसन असेल तरच. गाडी नवऱ्याच्या नावावर आणि चालवणार तुम्ही, तर तुमच्या जिवाला या विम्याचं कवच नाही. म्हणून जी चालवणार तिच्याच नावावर गाडी घ्या. गटानं पैसे घातले असतील तर कुणाचे किती, हप्ता कुणी भरायचा, ते गटाच्या ठरावात लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. लायसनही गिअरच्या मोटारसायकलचं लागतं. नुसतं स्कूटरचं, म्हणजे बिनगिअरचं लायसन इथे चालत नाही.

दुसरी गोष्ट साडीगार्डची. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकणारं आवरण, धरायला दांडी आणि पाय ठेवायला जागा हवी, असं मोटार वाहन नियमातच लिहिलेलं आहे. अशा गाड्यांना ते कधी वेगळं बसवावं लागतं. ते बसवल्याशिवाय किल्ली हातात घेऊ नका. हेल्मेट चालवणारीला आणि मागच्या बाईला, दोघींना. त्यावर आयएसआयचा शिक्का बघा आणि हनुवटीखालचा पट्टा लावा.

गाडी आपल्या मापाची करणं

घरी आणल्यावर सपाट अंगणात गाडी उभी करा आणि रोज जी चालवणार तिला बसवा. क्लच आणि ब्रेकच्या दांड्या बसल्या जागी बोटांच्या टप्प्यात आल्या पाहिजेत, मनगट वाकडं होता कामा नये. दांड्या थोड्या वरखाली फिरवता येतात. मागच्या ब्रेकचं पेडल पाय न उचलता दाबता आलं पाहिजे. आरशात आपला खांदा कमी आणि मागचा रस्ता जास्त दिसायला हवा.

मागच्या स्प्रिंगचा ताण कमीजास्त करता येतो. एकटी, हलक्या अंगाची बाई चालवणार असेल तर ताण कमी ठेवला की ती बसल्यावर गाडी थोडी खाली बसते आणि पाय पुरतो. मागे माणूस किंवा ओझं असेल तेव्हा तो पुन्हा वाढवायचा, नाहीतर गाडीचं पोट दगडाला लागतं. दोन्ही पाय पूर्ण टेकलेच पाहिजेत असं नाही. थोडं डावीकडे सरकून डावा पाय नीट टेकवायचा, उजवा पाय ब्रेकवर ठेवायचा. ही सवय मैदानावर आठ दिवस करा. थांबायची जागा बघून थांबायचं. पायाखाली उतार किंवा खड्डा आहे, तिथे थांबू नये.

गाडी पडली तर कंबरेतून वाकून ओढू नका. आधी इंजिन बंद करा. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड बाहेर काढून ठेवा आणि गिअरमध्ये टाका. मग गाडीकडे पाठ करा, गुडघे वाकवून बसा, एका हातानं हँडल, दुसऱ्या हातानं मागची दांडी धरा आणि पायांच्या जोरावर मागे मागे सरकत उठा. पाण्याचा हंडा उचलतानाही जोर पायातच असतो ना, तसंच. ओल्या मातीत स्टँड रुततो, म्हणून डिकीत एक चपटी फळी ठेवा.

हवेचा दाब गाडी थंड असताना बघायचा. आकडा चेन कव्हरजवळच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत असतो. एकटीचा वेगळा, दोघींचा वेगळा. चेनला किती झोल हवा तोही पुस्तिकेत बघा. या गाड्यांचं मागचं चाक जास्त वरखाली होतं, त्यामुळे फार ताणलेली चेन खड्ड्यात त्रास देते.

पहिले हजार किलोमीटर

आता मुख्य गोष्ट. नव्या इंजिनाला जपा असं सगळे सांगतात. का, ते समजून घेऊ या.

जात्याला टाकी लावली की काय होतं? दगडावर बारीक खाचा पडतात. पहिलं दळण आपण खात नाही, त्यात कच येते. दोन-तीन दळणं झाली की तळी-पाळू एकमेकांत बसतात आणि पीठ गुळगुळीत येतं. इंजिनाचंही असंच आहे. आत एक नळकांडं असतं, त्यात पिस्टन वरखाली धावतो. पिस्टनभोवती बांगडीसारख्या रिंगा असतात. नळकांड्याच्या भिंतीवर मुद्दाम बारीक आडव्या-तिडव्या खाचा पाडलेल्या असतात. त्यात ऑइल धरून राहतं आणि रिंगा भिंतीशी घासून हळूहळू नीट बसतात. त्या घासण्यातून धातूची बारीक कच निघते आणि ऑइलमध्ये मिसळते.

यातून चार नियम निघतात. पहिला, इंजिन फार पिळू नका. किती आरपीएमच्या आत ठेवायचं, ते पुस्तिकेत दिलेलं असतं. दुसरा, एकाच वेगानं तासभर चालवू नका. वेग कमीजास्त करा, गिअर बदलत राहा, म्हणजे रिंगा सगळीकडून बसतात. तिसरा, चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी धापा टाकत ओढू नका. ते जोरात पळवण्याइतकंच वाईट. गाडी थरथरली की गिअर उतरवा. चौथा, सकाळी सुरू केल्या केल्या पिळू नका. मिनिटभर सुरू ठेवा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश जा.

नवे टायरही गुळगुळीत असतात. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वळणावर गाडी फार झुकवू नका. नवे ब्रेकही बसायला वेळ लागतो, म्हणून पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा.

आम्ही नंतर असं केलं. पहिले तीनशे किलोमीटर एकटीनं, बिनओझ्याची, महाड-पोलादपूरच्या आसपासच्या सपाट रस्त्यांवर. तेही पहाटे, ट्रक कमी असताना. गणपतीत महामार्गावर चाकरमान्यांची गर्दी असते, तेव्हा शिकायला जाऊ नका. मग छोटे चढ. त्यानंतर महाबळेश्वरकडे जाणारा आंबेनळी, खेडकडचा कशेडी, भोरकडचा वरंध, यांचे थोडे थोडे टप्पे. हजार किलोमीटर झाल्यावरच मागे माणूस आणि पोतं.

पहिली सर्व्हिसिंग चुकवू नका. बहुतेक गाड्यांची ती पाचशे ते हजार किलोमीटरच्या दरम्यान असते. कार्डावर किलोमीटर आणि दिवस दोन्ही लिहिलेले असतात, त्यातलं आधी येईल ते धरा. त्यात कच असलेलं पहिलं ऑइल काढून नवं भरतात. ते पहिल्या दळणासारखं, टाकायचंच. फुकट सर्व्हिसिंगमध्येही ऑइलचे पैसे बहुधा पडतात, ते बाजूला काढून ठेवा. चेनचा ताण, नटबोल्ट आणि तारांची चाकं असतील तर तारा तपासायला सांगा. नव्या तारा सुरुवातीला ढिल्या होतात. पान्यानं हलके ठोकून आवाज ऐका. बाकीच्या टणटण वाजतात आणि एखादी बद्द वाजली, तर ती ढिली. कार्डावर शिक्का घ्या, बिल जपून ठेवा. वॉरंटी त्यावर असते.

घाट आणि पाऊस

घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवू नका. ज्या गिअरमध्ये चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनच गाडीला मागे धरतं. नुसत्या ब्रेकवर उतरलं तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. पावसात भिजल्यावर चेन पुसून तिला वंगण द्या. एरवीही दर पाचशे किलोमीटरला द्या.

पाणी आपल्याला नवं नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल गेला, तेव्हा एसटी गाड्या वाहून गेल्या. 22 जुलै 2021 ला महाड बुडालं आणि तळिये, केवनाळेवर दरडी आल्या. रस्ते बंद झाल्यानं मदत पोचायला उशीर झाला. अशा वेळी आपल्या वाडीत दुचाकी चालवणारी एक बाई असणं मोलाचं आहे. पण फरशीवरून पाणी वाहत असेल तर गाडी कितीही उंच असो, घालू नका. खाली फरशी आहे की वाहून गेली, ते वरून दिसत नाही. थांबा, फोन करा, पाणी उतरू द्या.

आमची पशुसखी आता आठवड्याला चार वाड्या करते. पायाचं दुखणं गेलं. लसीचा डबा मागे बांधलेला असतो आणि वर पोचेपर्यंत बर्फ टिकतो. गाडीचा हप्ता ती कामाच्या मानधनातून भरते, गट अडीअडचणीला उभा राहतो. आमच्यातल्या आणखी दोघी लायसन काढायला निघाल्या आहेत.

तुमच्या गटानं गाडीचा विचार केला असेल, तर पुढच्या बैठकीत हे पान एकीला मोठ्यानं वाचायला सांगा. आणि पेढे वाटण्याआधी चालवणारीला गाडीवर बसवून तिचा पाय जमिनीला पुरतो का, तेवढं बघा. नमस्कार.