दीर्घ रजेचे दिवस

रजा कोणाला नको असते? परंतु रजेचा उपयोग काय, असें विचारलें तर बहुतेकांचें उत्तर ‘विश्रांति’ या एका शब्दांत संपतें. दोन दिवसांच्या सुट्टीपुरतें हें उत्तर पुरेसें आहे. पण जेव्हां एकाद्या नोकरदाराला महिना दोन महिने, किंवा त्याहूनहि अधिक काळ, कामावांचून घरीं राहावयास मिळतें, तेव्हां झोप भरून निघते, शीण जातो आणि तरीहि हातांत पुष्कळसा काळ शिल्लक उरतो. या शिलकी काळांत मनुष्याच्या मनाची जी घडामोड होते, ती विश्रांतीहून अगदीं निराळी आहे. तिच्यांत आनंद आहे, तशी थोडी वेदनाहि आहे. आणि रजा संपल्यावर मनुष्य कामावर काय घेऊन परत जातो, हें पुष्कळ अंशीं या घडामोडीवरच अवलंबून असतें.

या घडामोडीचें मोठें प्रामाणिक वर्णन एका कारकुनानें करून ठेविलें आहे. इंग्रजी निबंधकार चार्ल्स लँब हा केवळ लेखणीवर जगणारा साहित्यिक नव्हता. १७९२ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, तो लंडनमधील लेडनहॉल स्ट्रीटवरच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरींत हिशेबखात्यांत कारकून म्हणून लागला. ज्या इमारतींतून मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथील सरकारांना आज्ञापत्रें सुटत, त्याच इमारतींत बसून हा गृहस्थ चहा, नीळ आणि कापड यांच्या विक्रीचे आंकडे तेहतीस वर्षें मांडीत होता. २९ मार्च १८२५ रोजीं त्यानें कचेरीचा निरोप घेतला. संचालकांनीं त्याला वर्षाला सुमारें साडेचारशें पौंडांचें निवृत्तिवेतन मंजूर केलें. आणि लागलीच, मे महिन्याच्या ‘लंडन मॅगेझिन’मध्यें, ‘दि सुपरॲन्युएटेड मॅन’ हा त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. निबंधांत पेढीचें ठिकाण आणि नोकरीचीं वर्षें त्यानें बदललीं आहेत. अनुभव मात्र त्याचा स्वतःचा आहे.

सुटका झालेल्या माणसाला पहिल्याच दिवशीं आनंद होतो, ही सामान्य समजूत. लँबच्या निबंधांतील नायकाचा अनुभव तसा नाहीं. तो प्रथम भांबावून जातो. चाळीस वर्षें बॅस्टिलच्या तुरुंगांत कोंडलेल्या कैद्याला एकाएकीं बाहेर सोडावें, तशी आपली अवस्था झाली, असें तो सांगतो. एवढा मोठा काळ हातीं आला; पण तो खर्चावा कसा, हें त्याला कळेना. आठवड्याचे वारहि त्याच्या हातून निसटले. पूर्वीं प्रत्येक वाराची स्वतःची अशी चव होती. सोमवारचा जडपणा शनिवारीं नसे. आतां सारे वार सारखेच झाले. मग एके दिवशीं तो आपल्या जुन्या सोबत्यांना भेटावयास गेला. त्यांनीं स्वागत चांगलें केलें, थोडी थट्टामस्करीहि झाली. परंतु त्याचें मेज दुसऱ्याला दिलेलें होतें, आणि ज्या खुंटीवर तो आपली टोपी अडकवी, ती खुंटीहि दुसऱ्याची झालेली होती.

ही खुंटीची गोष्ट लहान आहे. परंतु दीर्घ रजेवर गेलेल्या कोणालाहि तिचा अर्थ सांगावा लागत नाहीं. आपल्यावांचून काम अडेल, ही समजूत नोकरदाराला कष्ट सोसण्याचें बळ देत असते. रजेचे पहिले दोनतीन आठवडे गेले आणि कचेरींतून निरोप येणें थांबलें, म्हणजे ही समजूत हळूहळू गळून पडते. तें मनाला लागतें. परंतु याच ठिकाणीं एक उपयुक्त विचारहि जन्माला येतो. जें काम आपल्यावांचून चालूं शकतें, त्याकरितां आपण कोणकोणत्या गोष्टी टाळल्या? म्हाताऱ्या वडिलांशीं निवांत बोलणें टाळलें. मुलीचा अभ्यास कोठवर आला हें प्रगतिपुस्तकावर सही करतांनाच काय तें कळलें. आजारी मित्राच्या घरीं पुढच्या रविवारीं जाऊं, असें म्हणतां म्हणतां वर्ष लोटलें. कामाच्या गर्दींत हा हिशेब कोणी मागत नाहीं. रजेंत तो आपोआप पुढें येऊन उभा राहतो.

भांबावण्याचा काळ सरला म्हणजे दुसरी अवस्था येते, आणि तिच्यांत नित्याचीं लहानसान सुखें एकेक करून दिसूं लागतात. लँबच्या नायकाला सकाळीं अकरा वाजतां बॉण्ड स्ट्रीटवरून हिंडण्याचेंच अप्रूप वाटतें. सोहो भागांतील जुन्या पुस्तकांच्या दुकानापुढें तो रेंगाळतो. भर सकाळीं चित्रें पाहात उभा राहतो. आजारी मित्राच्या भेटीला जातो. यांतील एकहि सुख महाग नाहीं.

मुंबईपुण्याकडील घरांतहि याहून निराळें घडत नाहीं. कामाच्या दिवशीं लोकलच्या वेळेवर डोळा ठेवून घशाखालीं घातलेला चहा रजेंत बसून घेतां येतो, आणि त्यांत आलें आहे कीं गवती चहा, हें जणूं प्रथमच ध्यानांत येतें. मंडईंत जाऊन भाजी निवडून घेणें, मटार सोलतां सोलतां गप्पा मारणें, पुस्तकांच्या कपाटावरची धूळ झटकतांना एकादें जुनें पुस्तक हातीं लागावें आणि तेथेंच जमिनीवर बसून त्याचीं चाळीस पानें वाचून व्हावींत, दुपारची वामकुक्षी, संध्याकाळीं शेजारच्या मुलाचे पेटीवर घोकलेले अलंकार ऐकूं यावे आणि काल चुकणारी जागा आज त्यानें साधली, हें आपल्याला कळावें! ज्या घरांत वीस वर्षें काढलीं, त्या घराच्या भिंतीवर सकाळचें ऊन कोठून कोठें सरकतें, हें पुष्कळांना अशा रजेंतच माहीत होतें.

या सुखांत नवें असें कांहींच नाहीं. तीं पूर्वींहि घरांतच होतीं. त्यांना लागणारें लक्ष मात्र दुसरीकडे गहाण पडलें होतें. नोकरी मनाला पुढच्या गोष्टीकडे पाहावयाची संवय लावते. चहा घेतांना मन गाडींत असतें, गाडींत बसल्यावर तें कचेरींत पोहोंचतें, आणि कचेरींत संध्याकाळची वाट पाहातें. दुसरें कारण संवयीचें. रोज मिळणारें सुख रोज थोडें बोथट होतें, असें मानसशास्त्रज्ञ सांगतात. तें थोडें निराळ्या वेळीं, निराळ्या क्रमानें मिळालें, म्हणजे त्याची धार परत येते. दीर्घ रजा हीं दोन्हीं कारणें एकदम दूर करते.

परंतु या सुखांची यादी करतांना एक गोष्ट नजरेआड होतां कामा नये. रजेवरील गृहस्थाला जो चहा निवांतपणें मिळतो, तो कोणी तरी केलेला असतो. कचेरीला रजा असते, चुलीला नसते. पुरुष घरीं राहिला कीं दुपारचें गरम जेवण, दोन वेळां अधिक चहा आणि त्याला भेटावयास येणारीं माणसें, एवढें काम गृहिणीच्या वांट्याला वाढतें. ती स्वतः नोकरी करणारी असेल, तर तिच्या रजेचे दिवस साठलेली घरकामें उरकण्यांतच जातात. म्हणून घरांतील एका माणसाची रजा ही दुसऱ्या माणसाची जादा पाळी तर होत नाहीं ना, हें पाहणें हा रजेच्या सदुपयोगाचाच एक भाग आहे. सकाळचा चहा महिनाभर ज्यानें स्वतः करून इतरांना दिला, त्याला आपल्या घराची ओळख अधिक चांगली होते.

तिसऱ्या अवस्थेविषयीं मात्र कोणी फारसें बोलत नाहीं. नवीं वाटलेलीं सुखेंहि कांहीं काळानें जुनीं होतात. कोणतीच घाई नसली, म्हणजे निवांतपणालाहि चव उरत नाहीं. लँबचें पुढील चरित्र या दृष्टीनें फार बोलकें आहे. नोकरी सुटल्यावर वर्षदीड वर्षानें तो ब्रिटिश म्यूझियममध्यें रोज जाऊं लागला. प्रसिद्ध नट डेव्हिड गॅरिक याच्या संग्रहांतील जुनीं नाटकें वाचून त्यांतील उतारे निवडण्याचें काम त्यानें आपण होऊन अंगावर घेतलें. त्याची वेळ कोणती? दहा ते चार. जुन्या कचेरीचीच! ही आपली एक प्रकारची कचेरीच आहे आणि ती आपल्याला मानवते, असें त्यानें आपला मित्र बर्नार्ड बार्टन यास कळविलें. १८२७ सालीं तो लंडन सोडून एन्फील्ड या गांवीं राहावयास गेला. तेथें मोकळी हवा होती, हिंडावयास शेतें होतीं. परंतु काम नव्हतें. कामाच्या अतिरेकापेक्षांहि कामाचा अभाव वाईट, कारण मग मन स्वतःलाच खाऊं लागतें, अशा आशयाचें पत्र त्यानें १८२९ मध्यें बार्टनलाच लिहिलें. हा बार्टन स्वतः बँकेंत कारकून होता आणि कविता करीत असे. बँक सोडून केवळ साहित्यावर जगावें, असा त्याचा विचार चालला असतां, बँक सोडूं नको, असें लँबनेंच त्याला १८२३ सालीं निक्षून बजावलें होतें. कचेरीला सदैव कंटाळलेल्या माणसानें दिलेला हा सल्ला होता!

येथवरचा विचार ज्यांना रजा मिळते त्यांच्यापुरता झाला. ती सर्वांना मिळत नसे, आणि ज्यांना मिळाली त्यांनाहि ती सहजासहजीं मिळालेली नाहीं. मुंबईच्या गिरणी-कामगारांना आठवड्याची ठरलेली सुट्टीहि नव्हती. ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून ही मागणी चालविली. १८९० च्या एप्रिलमध्यें महालक्ष्मी येथील सभेला सुमारें दहा हजार कामगार जमले, आणि १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुट्टी मान्य केली. पगारी रजेची कल्पना तर त्याहूनहि अलीकडची. १९३६ सालीं फ्रान्समध्यें कामगारांना वर्षांतून दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्यानें मिळाली. त्याच वर्षीं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनें वर्षाला निदान सहा कामाच्या दिवसांची पगारी रजा असावी, असा करार संमत केला. भारतांत १९४८ च्या कारखाना कायद्यानें, वर्षांत २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला, कामाच्या दर वीस दिवसांमागें एक दिवस पगारी रजा ठरवून दिली. आजहि रोजंदारीवर पोट असणाऱ्याला रजा म्हणजे बुडालेली मजुरीच होय. ज्याला दोन महिने घरीं बसून विचार करावयास सवड मिळते, त्यानें एवढें ध्यानांत ठेवावें कीं या सवडीमागें दुसऱ्यांचे पुष्कळ श्रम आहेत.

ज्यू लोकांच्या प्राचीन धर्मशास्त्रांत दर सातव्या वर्षीं शेत पडीत ठेवावें, अशी आज्ञा आहे. पाश्चात्त्य विद्यापीठांतून अध्यापकांना जी दीर्घ रजा देतात, तिला ‘सबॅटिकल’ हें नांव याच कल्पनेवरून पडलें. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठानें ही पद्धति १८८० सालीं सुरू केली. पडीत शेताचा दृष्टांत दीर्घ रजेला चांगला लागू पडतो. शेत पडीत ठेवावयाचें, तें पुढें त्यांत पेरावयाचें म्हणूनच.

पण पेरणीपर्यंत ओल टिकते काय? नेदरलंड्समधील संशोधकांनीं २०१३ सालीं या प्रश्नाशीं निगडित असा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ५४ नोकरदारांची त्यांनीं रजेपूर्वीं, रजेंत आणि रजेनंतर विचारपूस केली. रजा सरासरी २३ दिवसांची होती. या लोकांची प्रकृति आणि मनःस्वास्थ्य रजेंत झपाट्यानें सुधारलें, आठव्या दिवसाच्या सुमारास तें सर्वांत अधिक होतें, आणि कामावर परतल्यानंतर पहिल्या आठवड्याच्या आंतच सर्व कांहीं मूळपदावर आलें. आणखी एक गोष्ट त्यांना आढळली. सुधारणेचा संबंध रजेच्या लांबीशीं फार थोडा होता. जें करावयाचें त्यांत गोडी वाटणें, दिवस आपल्या मनाप्रमाणें घालवितां येणें आणि चांगली झोप, यांच्याशीं तो अधिक होता.

पहिलें वाचून मन खिन्न होतें; दुसरें नीट पाहिलें म्हणजे धीर येतो. कारण गोडी आणि झोप या वस्तु रजेच्या अर्जावर अवलंबून नाहींत. रजेवरून परतणाऱ्यानें सारी रजा बरोबर नेण्याचा हट्ट धरूं नये; तो पहिल्याच सोमवारीं मोडतो. रजेंत गवसलेल्या सुखांपैकीं एकदोनच निवडावीं आणि लँबनें जुन्या नाटकांना दिली तशी त्यांना ठरलेली वेळ द्यावी. सकाळचा चहा दहा मिनिटें बसून, शक्य तर स्वतः करून, घ्यावा. बुधवारीं संध्याकाळीं वडिलांजवळ बसावें. महिन्यांतून एक रविवार आजारी मित्राचा ठरवावा. वेळ ठरली नाहीं, तर कामाचा ओघ हें सारें पुन्हां वाहून नेतो. ती ठरली, तर कचेरीचें काम जसें चुकत नाहीं, तसेंच हेंहि चुकत नाहीं. आणि जो पुढच्या रविवारची वाट पाहात अंथरुणावर पडला आहे, त्या मित्राला आपल्या रजेचा लाभ काय झाला, हें निराळें सांगावें लागत नाहीं.